मी कधीच न बनवलेला इंडेक्स

मी अमावास्येला नवीन मोटरसायकल घरी आणलेला माणूस आहे. शोरूमवाला दोनदा म्हणाला, "साहेब, परवा न्या की..." मी म्हणालो, आज गर्दी नाही, आजच द्या. घराची वास्तुशांत आईच्या हट्टापायी केली, पण पूजेला बसतानाही शेजारी लॅपटॉप उघडा होता. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला भोळसट समजणार नाही. समजायचंच असेल तर दुसरं काहीतरी समजा, त्याला मी पात्र आहे.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. धाराशिवला छोटं ऑफिस आहे, मी आणि दोन मुली काम करतो. पतसंस्था, शाळा, दवाखाने यांना लागेल तसं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं आणि मग ते चालू ठेवायला जिल्हाभर हिंडायचं. या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते — जे घडलं त्याला कारण असतं, आणि ते कारण कुठल्यातरी लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. शोधायची चिकाटी पाहिजे, बस.

आज माझ्याकडे एक लॉग आहे. त्यात जे घडलं ते स्वच्छ लिहिलेलं आहे. कारण मात्र नाही. इथं लिहायला मला बरेच महिने लागले, आणि ते भीतीमुळे नाही. लाजेमुळे.

कळंबला एका ट्रस्टचा जुना दवाखाना आहे. नाव सांगत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या बायांची बाळंतपणं दोन पिढ्यांपासून तिथंच होतात. जिन्याखालच्या खोलीत जुन्या केसपेपरांचं रेकॉर्ड होतं आणि ते सांभाळायचे लतीफचाचा. वय अडुसष्ट, डोक्याला पांढरी टोपी, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं. रिटायर होऊनही ट्रस्टनं त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण त्यांच्याशिवाय तिथं कागद सापडत नसे.

त्यांची पद्धत अशी. लाकडी खणांचं एक मोठं कपाट, एका खणात एक गाव. खणाच्या आत वस्तीप्रमाणे कार्डं — गावठाण, माळवस्ती, पांढरवस्ती... आणि वस्तीत घरातल्या कर्त्या माणसाच्या नावानं. बाईचं कार्ड नेहमी माहेरच्या गावात. पेशंटचं स्वतःचं नाव शेवटच्या ओळीत! मी पहिल्या दिवशी ते बघून हसलो होतो.

"चाचा, नाव शेवटी कसं? लोक नावानंच शोधणार ना?"

"नावावर जाऊ नका साहेब," ते म्हणाले. "आपल्याकडं लगनात पोरीचं नाव बदलत्यात. पैलं बाळंतपण माहेरी होतं, तवा ती माहेरच्या नावानं आसती. दुसऱ्या खेपंला सासरकडून येती, तवा सासरच्या नावानं. घरात हाक मारत्यात तिसऱ्याच नावानं. नाव फिरतं. माहेरचं गाव फिरत न्हाई. तुमच्या मशिनीला पैलं गाव इचारायला लावा, मग वस्ती, मग कर्ता."

मी मान हलवली आणि माझ्या पद्धतीनं केलं. स्क्रीनवर गाव, वस्ती, कर्ता असे चौकोन दिले, चाचांचं समाधान म्हणून. पण आतली सगळी बांधणी केली ती नावावर.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, सोपं करून सांगतो. डेटाबेसमध्ये लाखभर नोंदी असतात. त्यातली एक हवी असेल तर दोन रस्ते. एक तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळ्या वाचत जायचं. नाहीतर इंडेक्स वापरायचा. इंडेक्स म्हणजे चाचांचे खण, दुसरं काही नाही. इटकूरचा खण उघडला की बाकीच्या गावांकडे बघायचं कामच नाही. आणि डेटाबेसला एखादा प्रश्न, म्हणजे क्वेरी, दिली की तो कोणत्या रस्त्यानं जाणार हे तुम्ही त्याला आधी विचारू शकता. त्या उत्तराला एक्झिक्यूशन प्लॅन म्हणतात. त्यात एक रकाना असतो — कोणता इंडेक्स वापरला. इंडेक्सचं नाव आलं तर उत्तम. रिकामा आला तर समजायचं की गडी सगळ्या नोंदी उपसत बसणार.

मी नावावर इंडेक्स बनवला होता, अगदी व्यवस्थित. पण आपल्याकडे कुणी कालिंदा सांगतं, कुणी कालिंदाबाई. कुणी भगवान, कुणी भगवानराव. म्हणून मी हुशारी केली. शोधताना प्रत्येक नोंदीतल्या नावातून बाई, राव, आप्पा, ताई असलं सगळं कापून काढायचं आणि मग जुळवायचं, असं क्वेरीत लिहिलं. आणि तिथंच माती खाल्ली. इंडेक्स लावलेला होता मूळ नावावर, आणि मी शोधत होतो कापलेल्या नावावर. मग डेटाबेस तो इंडेक्स वापरणार कसा? प्रत्येक नोंद उचल, बाई काप, राव काप, जुळव, ठेव... दवाखान्याच्या त्या जुन्या मशीनवर एका शोधाला मिनिटाच्या वर वेळ जायचा. शिकाऊ पोरं करतात ती चूक. मी चौदा वर्षं या धंद्यात होतो.

सुरुवातीला नोंदी थोड्या होत्या तोवर कळलं नाही. चाचांनी वर्षभर बसून, एका बोटानं टाईप करत, सगळी कार्डं आत भरली आणि प्रत्येकाला जुना केसपेपर स्कॅन करून जोडला. जसजशा नोंदी वाढल्या तसा शोध रेंगाळायला लागला. काउंटरवर रांगा लागल्या. एका शुक्रवारी मी प्लॅन काढून बघितला आणि तो रकाना रिकामा दिसला. कारण मला त्याच क्षणी कळलं होतं, हे नीट लक्षात ठेवा.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टची मीटिंग होती. माझं वर्षाचं काम पुढं चालू ठेवायचं की नाही हे त्यातच ठरणार होतं. अध्यक्ष भाऊसाहेब तापट माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जुनं कपाट बरं होतं म्हणायची पाळी आली. एवढा वेळ का लागतो हो?"

माझी चूक आहे, दोन तासांत दुरुस्त करतो — एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सॉफ्टवेअर ठीक आहे भाऊसाहेब. आत भरलेला डेटा घाण आहे. एकेका बाईची तीन-तीन नावं टाकलीत. लतीफचाचांचं वय झालं आता... होतात चुका. मशीन तरी काय करणार?"

तीन नावं चाचांनी मुद्दाम टाकली होती. माहेरचं, सासरचं आणि हाकेचं, ती बाई कशीही आली तरी सापडावी म्हणून. हे मला माहीत होतं. त्यांनीच मला सांगितलं होतं.

चाचा दाराशी स्टुलावर बसले होते. भाऊसाहेबांनी विचारलं, "काय चाचा? तीन नावं टाकली तुम्ही?"

"व्हय," चाचा म्हणाले. "टाकली म्या." पुढं काहीतरी सांगणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाईल काढला आणि त्यात बघत बसलो.

"बास आता," भाऊसाहेब म्हणाले. "लई वर्षं केलं तुम्ही. उद्यापासून घरी आराम करा."

असं झालं ते. माझं काम चालू राहिलं. महिन्याभरात ते लाकडी कपाट रद्दीवाल्याच्या टेम्पोत गेलं. कार्डं आता कॉम्प्युटरमध्ये आहेत, मग कपाटाची अडगळ कशाला, असं मीच म्हणालो होतो.

तुम्ही म्हणाल, निदान क्वेरी तरी दुरुस्त केली असशील. नाही केली. विचार करा ना... चाचा गेले आणि दुसऱ्याच दिवशी शोध झटक्यात व्हायला लागला, तर भाऊसाहेब विचारणार, डेटा तर तोच आहे, मग आता कसं काय? म्हणजे चूक दुरुस्त केली की खोटं उघडं पडणार. म्हणून मी ती तशीच ठेवली. पुढच्या महिन्यात करू, जरा जुनं होऊ दे, असं म्हणत सहा महिने काढले. काउंटरवरच्या ज्योतीला मी सांगून टाकलं होतं की एवढा वेळ लागणारच. तिला ते खरं वाटत होतं.

मग तो सोमवार उजाडला. प्रिंटर चालत नाही म्हणून ज्योतीचा फोन आला होता, मी दहाच्या सुमारास कळंबला पोचलो. सकाळपासून लाईट ये-जा करत होती, सर्व्हर नुकताच बंद पडून परत सुरू झाला होता. मी काउंटरच्या आत खाली बसून प्रिंटरची वायर बघत होतो. अकराच्या आसपास बाहेर जीप थांबली आणि एका बाईला उचलून आत आणलं. आठवा महिना, अंगावरून रक्त जात होतं, शुद्ध नव्हती. बरोबर सासू आणि एक शेजारीण. नवरा कामाला पुण्याकडे.

डॉक्टर मॅडम टेबलाकडे धावल्या आणि आतूनच ओरडल्या, "आधीचं बाळंतपण कुठं झालं विचारा! जुना पेपर आहे का बघा, मला लगेच सांगा!"

"हितंच झालंय की," सासू रडत म्हणाली. "पैलं हितंच. तवा ती माहेरी होती. काय तर झालं होतं तिला तवा... लई शिरेस झाली होती. आमाला न्हाई बाई सांगितलं नीट."

ज्योतीनं सासरचं नाव टाकलं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. मी उठून तिच्या मागं उभा राहिलो. मिनिटभर फिरून उत्तर आलं, नोंद नाही. पहिल्या खेपेला ती माहेरहून आली होती, सासरचं नाव तिच्या कार्डावर कधी चढलंच नव्हतं. सासूला माहेरचं नाव विचारलं, तर म्हातारी घाबरून गेलेली, "काय बाई होतं... आमी बदललं लगनात..." एवढंच बोलायला लागली.

"माहेर कुठलं ते तरी सांगा मावशी!"

"इटकूर. माळवस्ती. ग्यानबा तात्याची नात हाय ती."

ज्योतीनं नावाचा चौकोन रिकामा ठेवला. गाव इटकूर, वस्ती माळवस्ती, कर्ता ग्यानबा. मला माहीत होतं काय होणार ते. त्या तीन रकान्यांवर एकही इंडेक्स नव्हता. लाखभर नोंदी पहिल्यापासून उपसल्या जाणार, वर माझी ती बाई-राव कापायची करामत होतीच. मिनिट-दीड मिनिट तरी जाणार. आत सिस्टरनं इंजेक्शन भरून तयार ठेवलेलं मला दाराच्या फटीतून दिसत होतं. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. ही बाई गेली तर ते कुणामुळे हे जगात फक्त मला माहीत असेल, असं मनात आलं. आणि लगेच दुसरा विचार आला की फक्त मलाच माहीत असेल, हे बरं आहे. तो दुसरा विचार मला अजून झोपू देत नाही.

ज्योतीनं एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत नोंद समोर आली.

चक्र फिरलंच नाही. एकच नोंद — कालिंदा, माळवस्ती, इटकूर — आणि खाली स्कॅन केलेला पिवळा केसपेपर. त्यावर लाल पेनानं, चाचांच्या त्या गोल अक्षरात, एका इंजेक्शनचं नाव आणि पुढं: या बाईस देऊ नये, मागे श्वास बंद पडला होता. खाली दोन रेघा.

ज्योती खुर्ची ढकलून आत पळाली. सिस्टरनं भरून ठेवलेलं इंजेक्शन तेच होतं. मॅडमनी ते बाजूला ठेवायला लावलं, दुसरं औषध वापरलं, तासाभरात सिझर झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

संध्याकाळपर्यंत दवाखानाभर माझं कौतुक. मॅडम स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "आज तुमच्या सॉफ्टवेअरनं वाचवलं हो." मी काय बोललो असेन? मी "थँक यू मॅडम" म्हणालो.

घरी येताना येरमाळ्याच्या पुढं मी गाडी बाजूला घेतली आणि लॅपटॉप उघडला. त्या सर्व्हरवर प्रत्येक क्वेरी आणि तिचा प्लॅन लॉगमध्ये उतरेल, अशी सोय मी पूर्वी केलेली होती. लॉगची कॉपी मी बरोबर आणली होती. ज्योतीचा पहिला शोध, सासरच्या नावाचा, सापडला. वेळ एक मिनिट आणि वर काही सेकंद, इंडेक्सचा रकाना रिकामा. त्याच्या खाली दुसरा शोध. वेळ जवळजवळ शून्य. वाचलेल्या नोंदी — एक. आणि इंडेक्सच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत नाव होतं: गाव, वस्ती, कर्ता. त्याच क्रमानं, मध्ये खालची रेघ घालून जोडलेलं.

मी असा इंडेक्स कधीही बनवलेला नाही.

मंडळी, इथं डेटाबेसवाले कुणी असतील तर त्यांच्या मनात जे आलं ते सगळं मी तपासलंय. दुसऱ्या दिवशी जाऊन सर्व्हरवरच्या इंडेक्सची यादी काढली, तो तिथं नव्हता. रविवारी रात्रीचा बॅकअप उघडला, त्यात नव्हता. सोमवारच्या बॅकअपमध्येही नव्हता. इंडेक्स बनवला किंवा पुसला तर त्याची नोंद राहते, तीही नाही. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. आधीचं उत्तर मेमरीत राहिलं असेल म्हणावं, तर सर्व्हर तासाभरापूर्वीच बंद पडून सुरू झाला होता आणि तो शोध यापूर्वी कुणी घेतलाच नव्हता. मी स्वतः तेच गाव, तीच वस्ती, तोच कर्ता टाकून परत शोधलं. एक मिनिट वीस सेकंद. प्लॅनमधला रकाना रिकामा.

पुढच्या मीटिंगला ट्रस्टनं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. मी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. उभा राहिलो, आणि जे बोललो ते असं — "खरं तर याचं श्रेय लतीफचाचांचं आहे. माझ्याकडूनही काही त्रुटी राहिल्या होत्या." हे शब्द मी गाडीत घोळून घोळून इतके गुळगुळीत केले होते की त्यात बोट ठेवण्यासारखं खरं काही उरलंच नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब शेजारच्याला म्हणाले, "बघा, एवढं करून किती नम्र आहे." मी शाल सावरत खाली बसलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी मी खालीच बसलो.

तिथून मात्र मी धाराशिवचा रस्ता धरला नाही. शाल डिकीत कोंबली आणि जुन्या बाजाराच्या मागं चाचांचं घर विचारत गेलो. दुपारची वेळ होती. चाचा ओसरीत बाजेवर बसलेले होते. पेनं खिशाला नव्हती. बारीक झाले होते.

"या साहेब, बसा. बाई कशी हाय ती? गावात आयकलं म्या."

"बरी आहे चाचा. मुलगी झाली."

"नाव काय त्या बाईचं?"

"सासरचं प्रतिभा. माहेर इटकूर, माळवस्ती. कर्ता ग्यानबा."

चाचा बाजेवर पुढं सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "ग्यानबा? ...कंच्या दिवशी आणली होती तिला?"

"सोमवारी. मागच्याच्या मागच्या. अकरा वाजता."

त्यांनी आत बघून सुनेला हाक मारली. सून नसीम दारात येऊन उभी राहिली. चाचा मला सांगायला लागले. दवाखाना सुटल्यापासून ते रोज सकाळी एक गाव घेतात. आधी वस्त्या म्हणायच्या, मग प्रत्येक वस्तीतले कर्ते, खणातल्या कार्डांच्या क्रमानं. सगळे आले की दुसऱ्या दिवशी दुसरं गाव.

"कशासाठी चाचा?"

"डोकं जाग्यावर हाय का न्हाई ते बघाय," ते म्हणाले. "तुमच्यासारखा शिकलेला माणूस सगळ्यांम्होरं म्हणला, चाचा चुकतोय. मला तर वाटलं न्हवतं चुकतोय म्हणून. पण चुकणाऱ्याला कुठं कळतंय, चुकतोय ते? मग मलाच भ्या वाटाय लागलं. त्या सोमवारी इटकूर घेतलं होतं. माळवस्तीला आडाकलो. एक कर्ता आठवंना. लई येळ बसलो, घाम फुटला. आन् मग एकदम आला."

"जोरात ओरडले ते," नसीम म्हणाली. "ग्यानबा, ग्यानबा करून. मी आत पोळ्या करत होते, पळत आले. म्हटलं आता काय झालं यांना. अकराच वाजले होते, नळाला पाणी आलं होतं तेव्हा." तिनं हात पदराला पुसले. "त्याच दिवशी आमच्या ह्यांनी लातूरच्या डॉक्टरचा नंबर लावला. मेंदूच्या. येत्या गुरुवारी जायचंय. गॅस पेटवू देत नाही आम्ही त्यांना. पोरीला शाळेत सोडायला जायचे, तेही बंद केलंय. रस्ता चुकले म्हणजे?"

ती हे वाईट बोलत नव्हती. काळजीनं बोलत होती, आणि सासऱ्यासमोरच बोलत होती, जणू त्यांना ऐकू येत नाही. चाचा खाली मान घालून बाजेची सुतळी चाचपत होते. सहा महिन्यांत ते घरातलं एक सांभाळायचं माणूस झाले होते. आणि हे माझ्या एका वाक्यानं झालं होतं.

मी उभा राहिलो. गुळगुळीत शब्द एकही आठवला नाही, बरं झालं.

"भाभी, चाचांचं डोकं शाबूत आहे. ते कधीच चुकले नव्हते. चूक माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी यांचं नाव घेतलं. काम जाईल म्हणून घेतलं. मी खोटं बोललो."

नसीम पदराला पीठ लागलं होतं तशीच उभी. चाचा म्हणाले, "तुमी त्या दिवशी मोबाईलमदी बघाय लागला, तवा एकदा मनात आलं होतं. पण म्हणलं, उगं कुणाच्या मनातलं आपण कशाला वळखायचं. साहेब मानूस हाय. खोटं कशाला बोलंल."

मला खाली बसायला सांगून ते उठले आणि आत गेले. आतून भांड्याचा आवाज आला, मग लायटरचा. नसीम एकदम वळली, एक पाऊल आत टाकलं आणि तिथंच थांबली. मग चौकटीला टेकून उभी राहिली आणि तोंडाला पदर लावला. चाचांनी चहा केला. दोन कप हातात धरून, न सांडता, बाहेर आले आणि एक माझ्यासमोर ठेवला. मी तो सगळा प्यायलो, कारण दोघंही माझ्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात मी ट्रस्टला लेखी कळवलं, काय चूक होती आणि काय खोटं बोललो ते. भाऊसाहेबांचा फोन आला, "झालं ते झालं हो, आता कशाला उकरता?" क्वेरी दुरुस्त केली. गाव, वस्ती, कर्ता असा इंडेक्स खरोखरचा बनवला. शोध आता पटकन होतो, पण त्या सोमवारइतका पटकन एकदाही झालेला नाही. चाचांना परत बोलावणं गेलं, ते गेले नाहीत. लातूरचा नंबर मात्र रद्द झाला, आणि नात सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत जाते, असं ज्योतीकडून कळलं.

लॉगची ती पानं माझ्याकडे छापून ठेवलेली आहेत. एका म्हाताऱ्यानं जुन्या बाजाराच्या मागं बसून एक नाव घेतलं आणि तिकडे दवाखान्यात एका मशीनला तो खण उघडता आला, असं म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही, कारण कसं ते मला सांगता येत नाही. योगायोग म्हणावं तर न बनवलेल्या इंडेक्सचं नाव लॉगमध्ये कसं छापून आलं, तेही सांगता येत नाही. कुणा जाणकाराला काही सुचलं तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन, तपासून बघेन.

पण ते इंडेक्सबद्दल लिहा. चाचांच्या बाबतीत माझी समजूत काढायला कुणी जाऊ नका.